पिन मला काढायला लावलीस, त्याबद्दल

जत्रेला आलेल्या पोरा,

तुझ्या मावशीकडे तुझा नंबर मागितला, तर म्हणाली, "तो म्हणतो पाच मिनिटांचं काम होतं, आभार कसले मानताय." म्हणून इथे चारचौघांत लिहितेय. पाच मिनिटांचं असेलही बाबा. आम्ही त्यापायी चौदा महिने रडलो.

बाकीच्यांसाठी सांगते. मी आमच्या महिला दूध संस्थेची सचिव. पहाटे साडेपाचला संकलन सुरू होतं. काटा आणि फॅट मशीन एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलंय. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स आहे, आणि पावतीचा प्रोग्रॅम एका भल्या माणसाने फुकट लिहून दिलाय. लाईट असेपर्यंत सगळं झकास. लाईट जाऊन आली की बटण दाबा, पासवर्ड टाका, काळ्या खिडकीत तीन कमांड मारा. त्या तीन ओळी मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्या होत्या. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. चष्मा घरी, दारात किटल्यांची रांग, आणि चिलिंगची गाडी कुणासाठी थांबत नाही. मग काढा रजिस्टर, बघा दरपत्रक. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात उरतं ते) धरलेला. त्याखाली एक पॉइंट उतरला की पैसे कापायचे. मशीनने कापले तर कुणी बोलत नाही, मी पेनने कापले की मी चोर. एक जाऊबाई आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती.

तुझ्याआधी तिघे येऊन गेले. एक म्हणाला फॉरमॅट मारू. एक म्हणाला हे लिनक्स-बिनक्स काढून टाका. तिसऱ्याने अर्धा तास खटखट केलं, प्रोग्रॅम चालू करून दाखवला, आठशे रुपये घेतले. दुसऱ्या पहाटे लाईट गेली आणि पुठ्ठा पुन्हा माझ्या हातात. फोन केला तर, "मावशी, माझ्यासमोर तर चालत होतं." तुझ्यासमोर चालायला दूध तुझ्या दारात घालतो का आम्ही?

तू मावशीची किटली घेऊन रांगेत उभा होतास. हसला नाहीस. "हे रोज हातानं करता?" एवढंच विचारलंस आणि दुपारी आलास. काय केलंस ते सगळं मला सांगता यायचं नाही, पण तुझी दोन-तीन वाक्यं डोक्यात बसलीत. "स्टार्ट म्हणजे आजची हजेरी मावशी, इनेबल म्हणजे पटावर नाव." म्हणजे स्टार्टने प्रोग्रॅम लाईट जाईपर्यंतच चालतो, इनेबल केलं की मशीन उठेल तेव्हा दर वेळी आपोआप. आठशे रुपयेवाल्याने नुसती हजेरी लावली होती! मग म्हणालास, मशीन उठतं तेव्हा तुम्ही अजून लॉगिन केलेलं नसतं, तुमचं कुठलं फोल्डर हे त्याला कसं कळणार, म्हणून प्रोग्रॅमचा पत्ता पूर्ण लिहायचा. पटलं. नव्या पोस्टमनला नुसतं 'वाड्यावर' सांगून भागतं का? आणि काट्याची वायर मशीनला चार-पाच सेकंद उशिरा दिसते, तोवर प्रोग्रॅम उठून, काटा नाही म्हणून मान टाकून मोकळा. त्याला तू थांबायला शिकवलंस. पडलास तर पाच सेकंदांनी परत उठ, हेही.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

काम झाल्यावर तू खुर्ची मागे सरकवलीस, दोन्ही हात खिशात घातलेस आणि म्हणालास, "आता बोर्डातली पिन तुम्ही काढा." मी म्हटलं, अरे, मशीन जळेल. "एरवी नाही काढायची. पण लाईट काय विचारून जाते?" काढली. अंधार. परत लावली. बटणाला हात लावू दिला नाहीस. लाईट आली की आपोआप उठायचं, तेही तू आत कुठेतरी सांगून ठेवलं होतंस. पंखा घुरघुरला, अक्षरं पळाली, आणि काट्यावरच्या रिकाम्या कॅनचं वजन पडद्यावर आलं. मी ओरडलेच. तू म्हणालास, "परत." तीनदा काढायला लावलीस. तिन्ही वेळा तुझे हात खिशात.

आमच्याकडे मोटर भरून देणारा एक म्हातारा आहे. तोही मोटर विहिरीवर बसवली की शेतकऱ्यालाच बटण दाबायला लावतो आणि पाणी पाटाला लागेपर्यंत बांधावर बसून राहतो. पैसे त्यानंतर. अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी, पण गाव चालतं ते त्यांच्यावर. बाकीच्यांना आपलं काम आपल्या पाठीमागे टिकेल का, याची भीती असते. म्हणून ते घाईने निघतात.

परवा पावणेसहाला लाईट गेली. आली. तुझी मावशीच काट्यासमोर होती. मी सवयीने पुठ्ठा शोधायला वाकले, तर ती म्हणाली, "काय शोधतेस? माझी पावती आली की."

पैसे घेतले नाहीस. आमची कपिला श्रावणात वेणार आहे. खरवस ठेवते, येऊन जा.

तुझ्या मावशीच्या संस्थेची सचिव