गौरीला मागच्या भिंतीकडनं हलवा

ती. आण्णा आणि आई,

साष्टांग नमस्कार. फोनवर नीट बोलणं होत नाही, आण्णा "रेंज नाय" म्हणून ठेवून देतात, म्हणून आपल्या गाभण गौरी गाईबद्दल लिहून पाठवतेय. सोन्यानं वाचून दाखवायचं, मधलं काही गाळायचं नाही.

इकडं अमेरिकेत, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला ऊन सांगलीएवढं नाही पण दमट लई, पार सप्टेंबर सरला तरी नुसती कोकणासारखी चिकचिक. घाम वाळत नाही, मग ३२-३३ डिग्रीतच गाई धापा टाकायला लागतात. आणि गाईची भट्टी तर तिच्या पोटातच, जेवढा चारा जिरतो तेवढी उष्णता, म्हणून जास्त दुधाची एचएफच, ती होल्स्टीन परदेशी गाय, आधी तोंड उघडते. आण्णा तुम्ही म्हणता उन्हाळ्यात खात नाहीत म्हणून दूध कमी होतं, ते खरंय पण निम्मंच. गार गोठ्यातल्या गाईला मुद्दाम तेवढाच कमी चारा घालून बघितलंय, तिचं दूध पडतं पण एवढं नाही. उरलेलं नुकसान शरीराच्या आत होतं.

म्हणजे असं की जीन्स, म्हणजे आईबापाकडनं आलेली जनुकं, तेच राहतात, पण उन्हानं कुठलं चालू आणि कुठलं बंद हे बदलतं. अंग तापलं की एचएसपी ७० नावाचं प्रोटीन बनवणारं जीन जोरात सुरू होतं, ते तापून बिघडलेली बाकीची प्रोटीनं परत सरळ करतं. १९६२ ला इटलीत एका लॅबमधे कुणीतरी चुकून फळमाश्यांच्या पेटीचं तापमान वाढवलं तेव्हा हे पहिल्यांदा दिसलं म्हणे, अशा चुका आमच्या लॅबमधे का होत नाहीत काय माहीत.

आपल्या वशिंडाच्या गाईंचं तर पेशीपासूनच वेगळं. इथल्या 'ब्राह्मण' नावाच्या वाणाच्या गाईचे गर्भ ४१ डिग्रीत ठेवले तरी एचएफच्या गर्भापेक्षा जास्त टिकतात. आणि हे ब्राह्मण म्हणजे आपल्याकडनंच गेलेलं रक्त, गीर, ओंगोल, कांक्रेज, अन् आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली सुद्धा! हे वाचलं तेव्हा मला एकदम घरची आठवण आली. कॅरिबियन बेटावरच्या सेनेपॉल गाईत एक 'स्लिक' जीन आहे, केस एकदम तोकडे, आई किंवा बाप एकाकडनंच आलं तरी पुरतं, ते आता एचएफमधे आणलंय. गंमत म्हणजे ते दुधाच्याच हार्मोनच्या, प्रोलॅक्टिनच्या, रिसेप्टरमधला (पेशीवर हार्मोन येऊन चिकटतो त्या जागेतला) बदल आहे.

पण आई, पत्र लिहायचं कारण गौरी. आटवली की तिला मागच्या पत्र्याखाली बांधता, दुधाच्या गाईंना फॅन आणि हिला नाही, "आता दूध कुठं देतेय" म्हणून. मी पण तसंच समजायचे. इथं बघितलंय की शेवटच्या दीड-दोन महिन्यांत आईला ऊन लागलं तर वासरू हलकं जन्मतं, आणि ती कालवड मोठी झाल्यावर रोज निदान दोनेक लिटर कमी देते, तीन वेतांपर्यंत. पोटात असतानाच तिच्या जीन्सवर खुणा पडतात, आपल्या डेअरीच्या वहीत त्या कधीच दिसणार नाहीत.

तर तिला चिंचेखाली आणा, दुपारी अंगावर पाणी मारा पण वारं लागू द्या, नुसतं ओलं करून कोंडून ठेवलं तर उलट होतं. सोन्या, जुना फॅन माळ्यावर आहे, त्याची वायर तेवढी बदल. व्याली की वासराच्या छातीचं माप टेपनं घेऊन पाठवा.

तुमची,
ताई