टाइल्स बसवायच्या आधी बाथरूममध्ये पाणी भरून ठेवा

माननीय संपादक,

दिवाळीच्या आधी आम्ही बाथरूम नवीन करून घेतलं. शॉवरची जागा वेगळी, काचेचं पार्टिशन, मोठ्या टाइल्स, सगळं छान दिसत होतं, आणि होळी यायच्या आत खालच्या काकूंच्या सिलिंगला ओल आली, पोपडे पडायला लागले. पंधरा वर्षांचं येणंजाणं, पण काकू जिन्यात बोलेनाशा झाल्या, आणि त्यांचं काय चुकलं हो?

टाइल्स लावल्या की पाणी अडतं असं आम्हाला वाटायचं, बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. सांध्यांमध्ये भरतात त्या साध्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी थोडं थोडं मुरतंच, ते अडवायचं काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं. आमच्याकडे जुन्या टाइल्स ब्रेकरने फोडताना खालचा कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, तडकला होता, नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या तोंडाच्या, कडेला फट पडली होती, आणि मिस्त्रीने त्यावरच सिमेंट-वाळू टाकून दोन दिवसांत टाइल्स बसवून टाकल्या. नंतर काचवाला आला, त्याने काच धरणारी पट्टी, म्हणजे चॅनल, लावायला जमिनीत ड्रिल मारलं. प्लंबर वेगळा, मिस्त्री वेगळा, काचवाला वेगळा, लीकेज झाल्यावर तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते.

शेवटी सगळं परत फोडलं. यावेळी माणूस शोधताना त्याचे नवे फोटो बघितलेच नाहीत, तीन-चार पावसाळे झालेली त्याची दोन जुनी कामं बघितली आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर जाऊन विचारलं, हे प्रत्येकाने करावं. त्याने आधी पाइपांना प्रेशर देऊन तपासलं, भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात वाटा मारला, म्हणजे सिमेंटने कोपरा गोलसर करून घेतला, मग वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, एक आडवा एक उभा, शॉवरच्या भिंतीवर सहा-सात फुटांपर्यंत. वाळल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरलं आणि 48 तास तसंच ठेवलं. या दोन दिवसांत काकूंचं सिलिंग आम्ही चार वेळा बघून आलो, नवीन ओल कुठेच नाही. मगच टाइल्स आणल्या. आमची टाइल व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, ती पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटवर ती नीट धरत नाही आणि खाली पोकळ राहते, म्हणून टाइल चिकटवायचं अॅडहेसिव्ह वापरलं. उतार जाळीकडे आहे का ते बादलीभर पाणी ओतून दाखवलं, कोपऱ्यात ग्राउट न भरता सिलिकॉन भरलं कारण तिथे ग्राउट हमखास तडकतं, आणि काचेचं चॅनल चिकटवलं, जमिनीत एकही भोक नाही.

हा मिस्त्री पहिल्यापेक्षा महाग पडला, पण दोनदा फोडण्यापेक्षा स्वस्तच. प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स सगळ्याची जबाबदारी एकाचीच असं कागदावर लिहून घेतलं, आणि शेवटचा हप्ता महिनाभर वापरून बघितल्यावर दिला.

हाउसिंग सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, घरातल्या बाथरूमचं लीकेज त्या फ्लॅटवाल्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं, त्यामुळे टाळाटाळ करण्यात काही अर्थ नव्हता. काकूंचं प्लास्टर आणि रंग आम्हीच करून दिला. आता माझी सगळ्या सोसायट्यांच्या कमिट्यांना कळकळीची विनंती आहे, रिनोव्हेशनची परवानगी देताना डेब्रिजचं डिपॉझिट घेता ना, तशीच ही पाणी भरून ठेवायची टेस्टही कंपल्सरी करा आणि ती बघायला खालच्या मजल्यावरच्या माणसाला बोलवा.

आपली एक वाचक,
डोंबिवली पूर्व