आमच्या जिल्ह्यात गाडी कितीला पडते ते छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण एकच. तुमच्या पेपरात नवीन गाडीची बातमी आली की हेडिंगला जो किमतीचा आकडा असतो, म्हणजे रोड टॅक्स, इन्शुरन्स धरायच्या आधीची एक्स-शोरूम किंमत, त्या आकड्यात ती गाडी महाराष्ट्रात कुणालाच मिळत नाही, आणि तरी तोच आकडा मोठ्या टायपात येतो. मी सांगलीत एका पतसंस्थेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसते. समोरचा माणूस पेपरातला आकडा डोक्यात घेऊन आणि डीलरचं कोटेशन हातात घेऊन येतो आणि दोन्हीत एवढा फरक कसा म्हणून मलाच विचारतो, जसा काय तो मीच लावलाय.

नोव्हेंबरातलंच बघा. २५ नोव्हेंबर २०२५ ला टाटाची सिएरा परत आली. १९९१ ची ती तीन दारांची, मागं मोठ्या वळणदार काचांची गाडी ज्यांनी बघितलीय ती माणसं नुसतं नाव ऐकून खूश झाली, आमचे साहेब तर दोन दिवस दुसरं काही बोलत नव्हते. सगळीकडं हेडिंग एकच, ११.४९ लाख. फोटो मात्र डॅशबोर्डवर ओळीनं तीन स्क्रीन असलेल्या गाडीचा, आणि तसली गाडी ११.४९ ला येत नाही, वरच्या मॉडेलची किंमत २१ लाखांच्या पुढं जाते. बाकीच्या मॉडेल्सच्या किमती त्या दिवशी जाहीरसुद्धा झाल्या नव्हत्या, त्या डिसेंबरात आल्या, तोवर पंधरा दिवस गावभर ११.४९ च फिरत होतं.

बरं, बेस मॉडेलच घ्यायचंय असं धरू. पेट्रोल गाडी, १० ते २० लाखांच्या टप्प्यात, म्हणजे महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स, झाले १ लाख ३७ हजार ८८०. इन्शुरन्स, त्यात थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम भरावाच लागतो, २०१८ पासून कोर्टाच्या आदेशानं तसं आहे, तो सगळा मिळून चाळीस-पन्नास हजार. १० लाखांच्या वर किंमत गेली म्हणून १ टक्का टीसीएस, म्हणजे गाडी विकतानाच डीलर आपल्याकडून घेऊन सरकारला भरतो तो इन्कम टॅक्स, ११ हजार ४९०. मग रजिस्ट्रेशन, फास्टॅग, कर्ज असलं तर बोजा चढवायची फी. साडेतेरा लाखांच्या आसपास जाते गाडी. आणि आमच्याकडं ग्रामीण भागात माणूस डिझेल मागतो, डिझेलचं बेस १२.९९ लाख आणि टॅक्स १४ टक्के, ती जाते साडेपंधराच्या घरात. म्हणजे ११.४९ वाचून आलेल्या माणसाला चार लाख जास्तीचे उभे करायचेत आणि हे त्याला कळतं कधी, तर शोरूममध्ये पेढे खाऊन, बुकिंगचे एकवीस हजार भरून झाल्यावर.

आता कंपनी म्हणेल की प्रत्येक राज्याचा टॅक्स वेगळा, आम्ही देशभर एकच आकडा सांगणार ना, तर ते मला मान्य आहे, त्यांचं बरोबरच आहे. पण तुमचा पेपर कुठं देशभर खपतो? तो महाराष्ट्रातच वाचला जातो आणि महाराष्ट्राचे टॅक्सचे दर काही गुपित नाहीत. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० ला १२, त्याच्या वर १३. डिझेलला तेच १३, १४, १५. सीएनजीला १ जुलै २०२५ पासून एकेक टक्का वाढवून ८, ९, १०. इलेक्ट्रिकला माफी. एवढं एका चिठ्ठीवर लिहून तुमच्या वार्ताहराच्या टेबलावर चिकटवलं तरी काम झालं. कंपनीची प्रेसनोट जशीच्या तशी छापायची म्हणजे मग पेपर आणि पॅम्प्लेट यात फरक काय राहिला.

आणि हे टप्पे किती महत्त्वाचे आहेत ते बघा. गाडी ९ लाख ९९ हजारांची असली तर टॅक्स १ लाख ९ हजार ८९०, टीसीएस नाही. तीच गाडी दोन हजारांनी महाग, १० लाख १ हजार, की टॅक्स १ लाख २० हजार १२० आणि वर टीसीएस १० हजार. किंमत वाढली दोन हजारांनी, खिशातनं गेले बावीस हजार. टीसीएस परत मिळतो हे खरं, पण रिटर्न भरला तर. आमचे निम्मे गिऱ्हाईक ऊसवाले, त्यांना रिटर्न भरायची सवयच नाही, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही म्हणून, आणि हे दहा-पंधरा हजार सरकारकडं तसेच पडून राहतात. हे डीलरनं सांगितलेलं मी अजून तरी ऐकलेलं नाही. तुमच्या गाड्यांच्या पानावर एकदा तरी दोन ओळी याच्या टाका, लोक दुवा देतील.

डीलरच्या कोटेशनचं तर विचारूच नका. मी रोज बघते म्हणून सांगते. वरच्या तीन-चार ओळी सरळ असतात, एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स. खाली उतरत गेलं की अक्षर बारीक होतं. हँडलिंग चार्जेस. बेसिक किट, म्हणजे मॅट, मडफ्लॅप आणि गाडीवर घालायचं कव्हर, याचे कुणी बारा हजार लावतो कुणी पंधरा. टेफ्लॉन कोटिंग. एक्स्टेंडेड वॉरंटी आधीच टिक करून ठेवलेली. मागच्या महिन्यात एका शिक्षकांचं कोटेशन आलं त्यात हँडलिंगचे साडेआठ हजार होते, मी म्हटलं सर हे कशाचे विचारा की त्यांना, त्यांनी माझ्या टेबलावरनंच फोन लावला, तर तिकडनं उत्तर आलं 'गाडी यार्डातून आणायची असते ना सर'. अहो, शोरूमपर्यंत गाडी आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत नाही तर कुठं असतो? सर जरा आवाज चढवून बोलले तर ती ओळ अर्ध्या तासात गायब झाली आणि नवीन कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. इन्शुरन्सचंही तसंच, बाहेरनं घ्यायची पूर्ण मुभा आहे, तो कायद्यानं डीलरकडूनच घ्यायला लागतो असं काही नाही, पण तोंडावर सांगतात की मग कॅशलेस होणार नाही, डिस्काउंट मिळणार नाही. नवीन गाडीच्या आनंदात माणूस भांडत नाही, घरची मंडळी बरोबर असतात, बायको बोनेटवर स्वस्तिक काढायच्या तयारीत असते, आणि हे त्यांना चांगलं माहितीय.

इलेक्ट्रिक गाड्यांचा घोळ आणखी वेगळा. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली, हेडिंग ९.९९ लाख. नीट वाचलं तर त्यात बॅटरीच नाही, बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळं. पूर्ण गाडी बॅटरीसकट घ्यायची तर १३.५० लाख. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही, ज्याचं रनिंग कमी त्याला परवडेलही, पण महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला सव्वापाच हजार भाडं, वर चार्जिंगचं लाइटबिल, वर गाडीचा हप्ता, हे गणित बातमीत पाहिजे की नको? आमच्याकडं कर्ज देताना ते भाडं आम्हाला हप्त्यासारखंच धरावं लागतं, माणसाची फेड करायची ताकद त्यानं कमी होते. महिंद्राची बीई ६ आली, आपल्या चाकणमध्येच बनते, अभिमान वाटतो, १८.९० लाख म्हणून छापलं आणि घरी लावायचा चार्जर त्या किमतीत नव्हता, तो आणि त्याचं बसवणं वेगळं, छोटा घेतला तरी ५० हजार आणि मोठा ७५ हजार.

पण याच्या उलटही आहे आणि ते तुम्ही छापत नाही. इलेक्ट्रिकला आपल्या राज्यात रोड टॅक्स माफ, त्यामुळं एक्स-शोरूम आणि ऑन-रोड, म्हणजे सगळं धरून हातात पडायची किंमत, यात फार फरक पडत नाही. १५ लाखांच्या पेट्रोल गाडीला १ लाख ८० हजार टॅक्स, डिझेलला २ लाख १० हजार, इलेक्ट्रिकला शून्य. तुमच्या पानावर 'पेट्रोल की इलेक्ट्रिक' म्हणून तक्ता येतो त्यात तिन्हीच्या एक्स-शोरूम किमती शेजारी शेजारी मांडतात आणि इलेक्ट्रिक दोन लाखांनी महाग असं लिहून मोकळे होतात. महाराष्ट्रात तो दोन लाखांचा फरक टॅक्समध्येच संपतो हो! डिझेलवाल्या माणसाला अटल सेतूवर, एक्सप्रेस वेवर आणि समृद्धीवर टोल भरावा लागतो, इलेक्ट्रिकवाल्याला ऑगस्ट २०२५ पासून तो माफ, तेही कुणी धरत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा तुम्ही चांगलं पान काढलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. छोट्या गाड्या २८ अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आल्या, २२ सप्टेंबरला बरोबर घटस्थापना, त्या आधी गणपतीत आमच्याकडं कर्जाच्या फायली जवळजवळ बंद होत्या, सगळे थांबून राहिलेले. अल्टो ३.६९ लाख, वॅगनआर ४.९८ लाख, आकडे वाचून बाइकवाले लोक पहिल्यांदा कारची चौकशी करायला आले. तिथंसुद्धा एक गोष्ट राहिली, की किंमत कमी झाली म्हणजे रोड टॅक्सही कमी होतो, कारण तो किमतीवर टक्क्यानं लागतो, म्हणजे लोकांची बचत तुम्ही छापली त्याच्यापेक्षा जास्त होती. आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे तो एक्स-शोरूममध्ये असतोच, वर राज्य सरकार त्या सगळ्या रकमेवर आपला टॅक्स लावतं, टॅक्सवर टॅक्स, यावर अग्रलेख लिहा कधीतरी.

इंट्रोडक्टरी किंमत हा एक स्वतंत्र विषय आहे. ती किती दिवस, किती गाड्यांपुरती, ते बातमीत नसतं. २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची सुरुवातीची किंमत पहिल्या २५ हजार गाड्यांना होती आणि ते बुकिंग ५७ मिनिटांत संपलं. आपल्याकडचा माणूस आधी घरात विचारणार, मग मेव्हण्याला विचारणार, मग ऊसबिल आलं की शोरूमला जाणार, तोवर भाव बदललेला असतो. शिवाय दरवर्षी डिसेंबर आला की १ जानेवारीपासून भाववाढ म्हणून बातम्या असतात, त्या आतल्या पानावर चार ओळीत. गाडी येते पहिल्या पानावर आणि महाग होते नवव्या पानावर.

तर विनंती अशी, की बातमीखाली एक छोटी चौकट टाका. आकडा कुठल्या मॉडेलचा, फोटो कुठल्या मॉडेलचा. पेट्रोल, डिझेल, सीएनजी जे असेल त्याची महाराष्ट्रातली अंदाजे ऑन-रोड किंमत. इलेक्ट्रिक असली तर बॅटरी आणि चार्जर किमतीत आहे का. सुरुवातीची किंमत कधीपर्यंत. इन्शुरन्सचा आकडा पाच-दहा हजारांनी इकडंतिकडं झाला तर कुणी तुम्हाला कोर्टात खेचणार नाही.

पाडव्याला तुमची गाड्यांची पुरवणी येते, आठ पानं, त्यातली सहा जाहिरातींची. जाहिरातीत कंपनीनं काय आकडा टाकायचा तो त्यांचा प्रश्न, पैसे ते देतात. उरलेल्या दोन पानांवर तरी यंदा ही चौकट बघायला मिळू दे. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या टेबलासमोर सगळ्यात मोठी रांग असते.

आपली नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली