एक बल्ब सोडून बाकीचे बदल

वडाळा, मुंबई

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

रात्री घाटात ट्रकच्या डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे दिसत नाहीत म्हणून आतले सगळे बल्ब काढून एलईडी टाकायचे, असं तू लिहिलंस. टाक, पण सगळे नको. चार्जिंगचा लाल बल्ब आहे तसाच तारेचा, म्हणजे आतली तार तापून पेटणारा जुना, राहू दे. कारण खाली येईलच.

आधी व्होल्टेज. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्टच, असं धरून चालू नकोस. त्या पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडलेल्या असतील तर १२ च मिळतात. मल्टिमीटर लाव. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ किंवा २५.२ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू झालं की १४ किंवा २८. दुकानदार ‘चोवीसचा आहे’ म्हणून जो बल्ब देतो, त्याला चोवीसच्या गाडीत रात्रभर २८ सोसायचे असतात. म्हणून पाकिटावर १० ते ३० व्होल्ट लिहिलेलाच घे. स्वस्त बल्बात करंट रोखायला नुसता एक रेझिस्टर असतो. व्होल्टेज वाढलं की करंट वाढतो, रेझिस्टर तापतो, बल्ब थोडे दिवस लुकलुकतो आणि जातो.

गुरुवारी वाशीला कांदा उतरवलास की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जा. रविवार टाळ, बरीच दुकानं बंद असतात. जाताना जुने बल्ब खिशात घे, तोंडी मापावर भरवसा नको. काचेचंच बूड असलेला, ज्याला वायरमन कॅपलेस म्हणतात, तो जाड असेल तर टी-१० आणि बारीक असेल तर टी-५. हे आकडे काचेच्या जाडीचे आहेत, १० आणि ५ मिलिमीटर. पितळी बूड आणि दोन बाजूंना खुंट्या असतील तर बीए-९एस. काही मीटरांत बल्ब आणि प्लास्टिकचा होल्डर एकसंध असतो, तो होल्डरसकटच घ्यावा लागतो. लांबीही जुन्याशी ताडून बघ. एलईडी लांब निघाला तर आत डायलच्या पाठीला टेकतो. मोजून लागतील त्यापेक्षा दोन जास्त घे.

तारेचा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो, एलईडी तोंडासमोर. डायलच्या मागच्या उजेडासाठी कडेलाही चिप्स असलेला घे, एक टोकाला आणि चार बाजूंना असतो तसा. नाहीतर मधोमध पांढरा ठिपका आणि कडेचे आकडे काळोखात.

रंगाचं लोक नेहमी चुकवतात. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश भरपूर आणि लाल कमी, त्यामुळे लाल काचेमागे तो मंद दिसतो. लाल काचेमागे लाल, हिरव्यामागे हिरवा एलईडी टाक. डायलच्या बल्बांवर हिरवी रबरी टोपी असेल तर ती काढ आणि सरळ हिरवा बल्ब बसव. पांढराच हवा असेल तर ३००० केल्विनचा पिवळसर घे. ६००० चा दुकानात झकास दिसतो आणि रात्री त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं. अप्परच्या, म्हणजे हेडलाइटचा लांब झोत दाखवणाऱ्या, निळ्या दिव्याला तर एलईडी नकोच असं माझं मत, डोळ्यात टोचतो.

मीटर उघडण्याआधी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. तुझ्या गाडीला हवेचे ब्रेक आहेत आणि हवेच्या काट्यामागे टाकीची नळी थेट येते. टाक्यांची हवा सोडून काटा शून्यावर आल्याशिवाय त्या नळीला पाना लावू नकोस. मग बॅटरीची निगेटिव्ह काढ. स्पीडोमीटरच्या केबलची नट हाताने फिरवून सुटते. केबल ओढू नकोस आणि दुमडू नकोस, दुमडलेल्या केबलचा काटा पुढे कायम थरथरतो. प्रत्येक वायर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घे.

मीटरच्या पाठीला तांब्याच्या रेघा छापलेली प्लास्टिकची पातळ शीट असते. होल्डर पाव फेरा फिरवला की तिच्यावर टेकतो. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेने ते तांबं हिरवं पडतं, आणि निम्मे ‘उडालेले’ बल्ब खरं तर एवढ्यानेच बंद असतात. शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने घास आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस. पॉलिश पेपर लावलास तर रेघच निघून येईल. टी-१० एलईडीचं बूड काचेपेक्षा पातळ असतं, खड्ड्यांत हलून संपर्क सुटतो. त्याच्या दोन तारा किंचित बाहेर वाकवून घट्ट बसव.

तारेच्या बल्बाला प्लस-मायनस सारखंच, एलईडीला नाही. नाही पेटला तर काढून उलटा फिरवून लाव. पितळी खुंट्यांचा मात्र फिरवून उपयोग नाही, त्यात दोन्ही दिशांना चालणाराच घ्यावा लागतो. डायलच्या उजेडात ही चूक लगेच कळते, ऑइलच्या दिव्यात कळत नाही. उलटा बसलेला ऑइलचा दिवा कायम बंद राहतो, तू समजतोस प्रेशर ठीक आहे, आणि इंजिन जाम होईपर्यंत तो गप्पच. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, तो पेटलाच पाहिजे. उलट इंजिन चालू असताना तो अगदी फिकट पेटत राहिला तर ऑइल स्विचवरच्या मळातून करंट झिरपतो का ते तपास. तेवढ्या करंटवर तारेचा बल्ब पेटत नव्हता, एलईडी पेटतो.

आता चार्जिंगचा दिवा. तो नुसता इशारा देत नाही. चावी ऑन केली की त्याच्यातूनच थोडा करंट डायनॅमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या, फिरत्या गुंडाळीत जातो, तिथे चुंबकत्व तयार होतं आणि मग डायनॅमो स्वतःच्या जोरावर चालतो. एलईडीतून जेमतेम २०-३० मिलिअँपियर जातात, तेवढ्यावर डायनॅमो उठत नाही. रेस दिल्यावर कधी चार्ज करतो, कधी नाही. लोक डायनॅमो खोलून बसतात, दोष मात्र बल्बात असतो. तरीही एलईडीच हवा असेल तर त्याला पॅरलल रेझिस्टर जोड: २४ व्होल्टला २२० ओहम, १२ ला ६८ ओहम, दोन्ही ५ वॅटचे. तो तापतो, प्लास्टिकला टेकवू नकोस. मी तरी जुना बल्बच ठेवीन.

इंडिकेटरचा मीटरमध्ये एकच दिवा असेल तर तो बहुधा डाव्या आणि उजव्या लाइनच्या मध्ये जोडलेला असतो. एका बाजूला करंट इकडून तिकडे, दुसऱ्या बाजूला तिकडून इकडे. साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल, इथेही दोन्ही दिशांना चालणाराच लागेल. दोन वेगळे दिवे असतील तर ही भानगड नाही.

उजेड कमी-जास्त करायचा जुना डिमर एलईडीवर जवळजवळ निकामी ठरतो, कारण करंटच इतका कमी की त्याच्यावर व्होल्टेज पडत नाही. दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड घटवणारा पीडब्ल्यूएम डिमर मिळतो, पण रंग नीट निवडलास तर त्याची गरज पडणार नाही.

मीटर स्क्रूने आवळण्याआधी बॅटरी जोडून एकेक दिवा बघ: ऑइल, चार्जिंग, हँडब्रेक, दोन्ही इंडिकेटर, अप्पर. मग टाकीत हवा भरून नळीच्या जोडाला साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला तर पुन्हा आवळ. ठोकळे त्यानंतरच काढ.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुधीर