सुहास, इंजिन खोलू देण्याआधी हे वाच

पुणे, ९ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज आणि एस्टिमेटचा फोटो दोन्ही नीट पाहिले. फोनवर सांगत बसलो तर त्यातलं निम्मं तुझ्या लक्षात राहणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी, एस्टिमेटवर सही करू नकोस आणि इंजिन खोलायला तोंडी होकारही देऊ नकोस. दोन लाख ऐंशी हजारांचा आकडा बघून तू हबकणं साहजिक आहे, पण या घडीला पैशांपेक्षा पुरावा महत्त्वाचा आहे. इंजिन कशाने गेलं याच्या खुणा आतल्या भागांवर असतात. एकदा ऑइल सांडलं, चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) उतरवलं आणि भाग डिझेलने धुतले, की त्या खुणा गेल्या. मग सर्व्हिस सेंटर सांगेल ते कारण मान्य करावं लागतं.

तू लिहिलंस त्यावरून घटनाक्रम असा दिसतो. खंबाटकी उतरल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला, पाठोपाठ खटखट सुरू झाली, तू गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन बंद पडलं आणि नंतर सेल्फ मारला तर नुसता टक् आवाज. गाडी डिझेल, अडीच वर्षांची, ६१ हजार किलोमीटर झालेली. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. शेवटची सर्व्हिस ५८ हजारांना, याच सर्व्हिस सेंटरकडे. आणि आता तेच म्हणतात की ऑइल कमी होतं, मालकाचं दुर्लक्ष झालं, वॉरंटीत बसत नाही.

पण ‘ऑइल कमी होतं’ म्हटल्याने कारण सांगितल्यासारखं होत नाही. तीन हजार किलोमीटरपूर्वी त्यांनी स्वतः ऑइल भरलं, बिलावर लिटर लिहिले आहेत. मग ते गेलं कुठे? ते एक तर बाहेर गळलं, नाही तर आत जळलं. गळालं असेल तर पहिला संशय सर्व्हिसवरच जातो: ड्रेन प्लगची जुनीच वॉशर परत लावली, प्लग नीट आवळला नाही, किंवा फिल्टरचं जुनं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला. दोन रबरं एकावर एक आली की काही दिवस धरतात आणि घाटात प्रेशर वाढलं की सुटतात. जळालं असेल तर टर्बोचं (इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याचं) सील किंवा पिस्टनच्या रिंगा बघायच्या. हे दोन्ही इंजिनाचेच भाग आहेत आणि अडीच वर्षांत ते जायला नकोत.

आणखी एक शक्यता सर्व्हिस सेंटरवाले आपण होऊन सांगणार नाहीत. बीएस-६ डिझेल गाडीला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. तो भरला की गाडी जास्तीचं डिझेल सोडून ती काजळी जाळते. तू रोज ऑफिसला चार-पाच किलोमीटर जातोस, म्हणजे हे जाळणं दर वेळी अर्ध्यावरच थांबत असणार. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा वेळी ऑइल मोजायच्या पट्टीवर ते कमी दिसण्याऐवजी खुणेच्या वर दिसतं, त्याला डिझेलचा वास येतो आणि ते पाण्यासारखं पातळ होतं. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यात साधारण ०.०३ ते ०.०६ मिलिमीटरची फट असते. तेवढ्या फटीत ऑइलचा थर टिकला तरच इंजिन टिकतं. पातळ ऑइलचा थर फाटतो आणि धातूवर धातू घासतो. म्हणून गाडी टोचन करून आणल्यावर पट्टी कुणी पाहिली, किती ऑइल होतं, कुठे लिहिलंय का, हे आधी विचार. जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, तसं लिहिलेलं नसेल तर ‘ऑइल कमी होतं’ हे ते कशाच्या आधारावर म्हणतात?

‘दिवा लागल्यावर चालवली’ हा मुद्दा ते नक्की काढतील आणि तो तुझ्या बाजूचा खरोखरच नाजूक मुद्दा आहे, हे तुला माहीत असू दे. पण त्याला उत्तर आहे. बहुतेक गाड्यांत हा दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावर, अर्ध्या बारच्या (बार हे प्रेशर मोजायचं एकक) आसपास लागतो. महामार्गाच्या वेगाला इंजिनाला तीन-चार बार लागतात. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंगला मार बसायला सुरुवात झालेली असते. आणि तू किती वेळ चालवलीस, हे त्यांच्या किंवा तुझ्या आठवणीवर सोडायचं कारणच नाही. फॉल्ट नोंदला जातो त्या क्षणाचा वेग, आरपीएम, इंजिनाचं तापमान असं बरंच काही ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, राहतं. बॅटरी काढण्याआधी स्कॅनरचा पूर्ण रिपोर्ट प्रिंट करून माग. फॉल्टचे कोड पुसले तर ते कुणी आणि कधी पुसले, हेही लेखी माग.

आता इंजिन खोलायचं कसं ते सांगतो. तारीख आणि वेळ ठरवून तू स्वतः समोर उभा राहा, आणि शक्य असेल तर स्वतंत्र सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअर सोबत ने. त्याची फी द्यावी लागेल, पण पुढे त्याचाच अहवाल उपयोगी पडतो. गाडी लिफ्टवर घेतली की खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा फोटो काढ. आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ असेल तर गळतीचा प्रश्न तिथेच सुटला. ड्रेन प्लग आणि फिल्टर हात लावण्याआधी जवळून टिपून घे. ऑइल मोजपात्रात काढायला लाव, किती लिटर निघालं ते जॉबकार्डवर लिहून घे आणि मॅन्युअलमधल्या क्षमतेशी ताडून बघ. मग शंभर-शंभर मिलिलिटर स्वच्छ, कोरड्या बाटल्यांत भर. दोन तुझ्या आणि एक त्यांची. बाटल्या सील करून दोघांच्या सह्या घ्या. फिल्टरही पिशवीत सील कर, त्याच्या घड्यांत धातूचा चुरा अडकलेला असतो.

ते ऑइल प्रयोगशाळेत दिलंस की बरंच कळतं. तांबं, शिसं, कथील वाढलेलं असेल तर बेअरिंग गेलं. लोखंड वाढलेलं असेल तर लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) किंवा क्रँक घासला. सिलिकॉन जास्त असेल तर धूळ आत गेली, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपचा प्रश्न. ऑइलमध्ये डिझेल किती मिसळलं आणि त्याचा दाटपणा किती उरला, हे मात्र तपासायला आवर्जून सांग. तुझ्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचे आकडे तेच ठरतील.

चेंबर उतरल्यावर ऑइल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी बघ. तिच्यावर सीलंटचे तुकडे अडकलेले असतील तर पूर्वी कुणी तरी चेंबर लावताना सीलंट भरमसाट लावलंय, आणि बाहेर तू कधी चेंबर काढलेलं नाहीस. मग बेअरिंगच्या कॅप एकेक करून काढायला लाव आणि कुठल्या सिलिंडरची कुठली, हे खडूने लिहून फोटो काढ. ऑइल न मिळाल्याने गेलेल्या बेअरिंगचा वरचा थर निघून खालचं तांबूस अंग दिसतं, क्रँकचा भाग तापून निळसर पडतो, बेअरिंग जागेवरून फिरलेलं असतं. एकच बेअरिंग असं गेलंय आणि बाकीची ठीक आहेत, तर ऑइलच्या पातळीपेक्षा त्या एका वाटेतला अडथळा किंवा त्या बेअरिंगची बसवणी जास्त संशयास्पद ठरते. पातळी खरोखर तळाला गेली असती तर मार सगळीकडे थोडाफार दिसला असता, कॅमशाफ्ट आणि टर्बोवरही.

पाण्याचं म्हणशील, तर सध्या पावसाळा आहे, त्यामुळे ‘पाणी शिरलं’ हे कारण ते उद्या काढू शकतात. पाण्याने गेलेलं इंजिन वेगळं दिसतं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. तो थोडासाच वाकला असेल तरी पिस्टन वर पूर्ण पोहोचत नाही, आणि त्या सिलिंडरच्या भिंतीवर वरचा काजळीचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद दिसतो. सोबत एअर फिल्टरचा कागद सुरकुतलेला आणि डब्यात चिखलाची रेघ. हे काहीच नसेल तर ‘पाणी शिरलेलं नाही’ असं त्याच दिवशी जॉबकार्डवर लिहून घे.

हे एवढ्यासाठी सांगतोय की अ‍ॅडव्हायझरने तुला ‘इन्शुरन्समधून करून घेऊ, पाणी गेलं म्हणून लिहितो’ असं सुचवलंय. अजिबात ऐकू नकोस. एक तर तो खोटा क्लेम आहे. साध्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही, पाण्याने गेलेल्या इंजिनालाही इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. शिवाय एकदा जॉबकार्डवर ‘पाणी’ आलं की तुझ्या वॉरंटीचा दावा तू स्वतःच बुडवलास.

चाळीस हजार किलोमीटरची सर्व्हिस तू बाहेर केलीस, त्याचाही ते बाऊ करतील. बिल आहे ना? त्यावर ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटर लिहिलेत का बघ. नसतील तर त्या गॅरेजवाल्याकडे जा. त्याच्या रजिस्टरला त्या दिवशीची नोंद असेल तर तिची सही-शिक्क्याची प्रत घे. मागाहून कोरी बिलं करून घेऊ नकोस, ती उघडी पडतात आणि मग बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना दंड केला, तेव्हा हेही सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, त्यामुळे हा आदेश हुकमाचा पत्ता समजू नकोस. पण त्यातला तर्क पक्का आहे आणि पत्रात तोच मांड: चाळीस हजारांना केलेल्या सर्व्हिसमुळे एकसष्ट हजारांना बेअरिंग कसं गेलं, ते दाखवा.

आता पत्राचं. सर्व्हिस सेंटर आणि कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र, दोघांना एकाच वेळी ईमेल कर. रागाचा एक शब्द नको. विचारायचं ते एवढंच: कुठला भाग निकामी झाला, कशामुळे झाला, त्याचा आधार काय, आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली नाकारताय. उत्तराला सात दिवस दे. काढलेले सगळे भाग वाद मिटेपर्यंत जपून ठेवा, हेही त्यात लिही. सोबत कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चॅसिस नंबर टाकून रिकॉल, म्हणजे सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या आहेत का, ते बघ. त्या भागाचा रिकॉल निघाला तर अर्धा वाद मिटला. मागणी इंजिनाच्या विनामूल्य दुरुस्तीची किंवा बदलाची ठेव, नव्या गाडीची नको. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असते म्हणून गाडी बदलून देण्याचा आदेश टिकवला नाही. नवी गाडी मागितली की पहिल्याच उत्तरात ते हा निकाल पुढे करतील.

सरळ उत्तर आलं नाही तर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदव. ते निवाडा करत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या तिथे नोंद झाली की बोलायला येतात. मग जिल्हा ग्राहक आयोग. तुझी गाडी चौदा लाखांची, मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, फी ४०० रुपये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तू राहतोस तिथे, साताऱ्यातच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही, पण कंपनी देणारच, तेव्हा तूही दे. विरुद्ध पक्षात डीलर (म्हणजे हे सर्व्हिस सेंटर चालवणारा) आणि कंपनी दोघांना घाल आणि कुणी काय चुकवलं ते वेगवेगळं लिही. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनियो पाउलो वाझ या गोव्याच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या वागणुकीची जबाबदारी कंपनीवर टाकली नाही, कारण कंपनीविरुद्ध वेगळं असं काही मांडलेलंच नव्हतं. सर्व्हिसमधली चूक डीलरची आणि भागातला दोष कंपनीचा, अशी सरळ फोड कर. अर्जासोबतच त्याच कायद्याच्या कलम ३८(२)(सी) खाली नमुना प्रयोगशाळेत तपासण्याची मागणी कर. सील केलेली तुझी दुसरी बाटली आणि बेअरिंग तेव्हा कामाला येतील.

मध्येच ते रोजचं पार्किंग लावण्याची धमकी देतील. गाडी वादामुळे उभी आहे आणि वाद त्यांच्या नकारामुळे आहे, असं लेखी कळव. गाडी अगदीच हवी झाली आणि पैसे भरावे लागले, तर बिलावर ‘हक्क राखून, हरकतीसह भरले’ असं हाताने लिहून सही कर आणि जुने भाग ताब्यात घे, पैसे तुझे म्हणजे भागही तुझे. ब्लॉक बदलून इंजिन नंबर बदलला तर आरसी आणि विमा, दोन्हींवर नवा नंबर चढवून घे, नाही तर पुढच्या क्लेमला नवीन कटकट.

ईमेलचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, मी वाचून सोमवारी सकाळी परत करतो. सर्व्हिसची सगळी बिलं आणि वॉरंटी पुस्तिकेची पानं त्याच्यासोबत स्कॅन कर. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनय