थर्मोस्टॅट साहेबांच्या केबिनमध्ये, थंडी अकाउंट्सला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एसी किती अंशांवर ठेवावा, यावर दर उन्हाळ्यात चर्चा झडते. २०२० पासून स्टारवाले घरगुती एसी २४ अंशांवर सेट होऊनच येतात. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा घालण्याचं बोलून दाखवलं. घरच्या एसीपुरतं ते ठीक आहे. पण मोठ्या ऑफिसात भिंतीवर २४ दिसत असताना बायका शाल पांघरून बसतात, तिथे हा आकडा काय करणार? एकतीस वर्षं मी एसी प्लांटवर काढली, त्यातली शेवटची अकरा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका इमारतीत, म्हणून हे पत्र.

त्या इमारतीत व्हीएव्ही पद्धत होती. यात हवा किती गार सोडायची ते ठरलेलं असतं, किती सोडायची ते बदलतं. माझं गाव कोरेगाव तालुक्यात, त्यामुळे मला ती पहिल्याच दिवशी कळली. हे तर शेताला पाणी देताना दारं धरणं! एएचयूमधून, म्हणजे हवा गार करून पंख्याने पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून, साधारण १३ अंशांची हवा मोठ्या डक्टमध्ये सोडायची, तो झाला पाट. फॉल्स सीलिंगच्या वर प्रत्येक भागाला पत्र्याचा एक बॉक्स आणि त्यात फिरणारा डँपर, हे वाफ्याचं दार. आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणजे दारं धरणारा गडी. खोली तापली की दार उघडायचं, निवली की लोटायचं. बरीच दारं लोटली गेली की पाट तुंबतो. डक्टमधला प्रेशर सेन्सर ते ओळखतो आणि पंख्याची गती उतरवतो. विजेची खरी बचत इथे आहे, कारण पंखा ८० टक्के वेगाने फिरवला तर त्याला वीज जवळजवळ निम्मीच लागते.

दार पूर्ण मात्र लोटत नाहीत. माणसांना ताजी हवा लागते, म्हणून फट ठेवावीच लागते. थंडीच्या देशांत बॉक्सलाच गरम पाण्याची कॉइल जोडलेली असते. टोरंटोला भाच्याच्या ऑफिसात मी जानेवारीत पाहिलं, बाहेर बर्फ, काचेलगतच्या बॉक्समधून गरम हवा आणि मधल्या हॉलमध्ये, जिथे नुसती माणसं नि कॉम्प्युटर, तिथे चक्क गार हवा चालू. एकाच पाटावर दोन्ही. भाचा म्हणाला, मामा इथे येऊनही सीलिंगकडेच बघतोय. आपल्याकडे ती कॉइल नसते. फटीतून येणारी १३ अंशांची हवा ज्याच्या मानेवर पडेल त्याने ती सोसायची.

मग १३ ची १७ करा, असं दरवर्षी कुणीतरी सुचवायचं. एका जुलैत वरून हुकूम आला म्हणून केलीही. मुंबईच्या हवेतलं पाणी एएचयूमधल्या गार कॉइलवरच निथळतं, कॉइल कोमट ठेवली की ते थेट हॉलमध्ये येतं. आठवड्याभरात फायली मऊ पडल्या, गालिच्याला कुबट वास सुटला, प्रिंटरमध्ये कागद अडकू लागले. मुकाट्याने परत १३.

आता अकाउंट्सची गोष्ट. चौथ्या मजल्यावर पश्चिमेच्या काचेला लागून मोकळा हॉल होता. नूतनीकरणात तिथे जिप्समचं पार्टिशन घालून एका साहेबांची केबिन काढली. बॉक्स एकच राहिला, त्याचा थर्मोस्टॅट गेला केबिनच्या आत. दुपारी तीननंतर ऊन काचेवर यायचं, केबिन तापायची आणि थर्मोस्टॅट दार सताड उघडायचा. साहेबांना त्यातली सीलिंगमधल्या जेमतेम एका जाळीची हवा, उरलेल्या तीन जाळ्या बाहेर बसलेल्या सहाजणींच्या डोक्यावर. एकाच वेळी दोन फोन यायचे. "काका, गारठलो हो, एसी कमी करा," आणि "प्लांट बंद आहे का?" साहेब सेटिंग १८ वर नेऊन ठेवायचे. दार एकदा सताड उघडलं की १८ लावा नाहीतर २२, येणारी हवा तीच आणि तेवढीच. फरक इतकाच की १८ वर दार मिटायचं नावच घेत नाही.

बायकांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा सेलोटेपने जाळीवर चिकटवला. तिथली हवा शेजारच्या जाळीतून शिटी घालत निघाली आणि भांडण दोन टेबलं पुढे सरकलं.

केबिनला वेगळा बॉक्स द्या, असं मी लेखी दिलं. बजेट नाही. शेवटी एका शनिवारी शिडी लावून, बारा फूट वायर वाढवून थर्मोस्टॅट हॉलमधल्या खांबावर आणला. सोमवार, मंगळवार बायका शालीविना बसल्या. बुधवारी साहेबांनी घाम पुसत मला बोलावलं, आणि संध्याकाळच्या आत थर्मोस्टॅट पुन्हा केबिनमध्ये. पुढे साहेबांची बदली झाली, मीही निवृत्त झालो, थर्मोस्टॅट तिथेच आहे असं ऐकतो.

माझं मागणं एवढंच, की ऑफिसांसाठी अंशांचे नियम करताना एक ओळ आणखी घालावी. पार्टिशन हललं की कुठला थर्मोस्टॅट कुठल्या बॉक्सचा, ते तपासून हवेचं बॅलन्सिंग, म्हणजे कुठे किती हवा सोडायची ते, नव्याने करून घ्यायचं. इंटिरिअरवाल्याचं शेवटचं बिल त्यानंतरच काढायचं. तो इतर कशाने ऐकत नाही.

आपला,
एक निवृत्त एसी प्लांट ऑपरेटर, डोंबिवली