दोन्ही लेकींच्या वतीने, डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र संपता संपता आमच्या धाकटीला शूच्या जागी आग व्हायला लागली. सात वर्षांची पोर शू करताना रडायची, चड्डीवर पिवळसर डाग दिसायचे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कोणी उष्णता म्हणालं, कोणी सब्जा भिजवला, एका औषधवाल्याने बुरशीचं मलम दिलं. ते तुम्ही बंद करायला सांगितलंत आणि का तेही समजावलंत, म्हणून हे जाहीर पत्र.

वयात न आलेल्या, लंगोट सुटलेल्या मुलींना बुरशी क्वचितच होते, हे मला ठाऊकच नव्हतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असल्याने तिथली त्वचा पातळ, शौचाची जागा शेजारी. साबण, घाम, घट्ट कपडे एवढ्यानेही सूज येते. रात्री जास्त खाजतं का, म्हणजे जंत असतील. नुकताच घसा दुखला होता का, म्हणजे घशातले जंतू तिथे पोचले असतील. रक्त किंवा घाण वास आहे का, म्हणजे आत काही अडकलं असेल. एकेक करून सगळं विचारलंत. कोणी हात लावतं का, हेही तितक्याच शांतपणे विचारलंत. आणि तपासण्याआधी परवानगी मागितलीत ती तिची, माझी नव्हे! त्यासाठी मी जन्मभर ऋणी आहे.

आमच्याकडे कारण निघालं अंघोळीच्या पाण्यातलं जंतुनाशक आणि गरब्याच्या घामाने भिजलेली, तासन्‌तास अंगावर राहिलेली लेगिंग. दोन्ही बंद केलं. टबात साध्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवणं, पुढून मागे पुसणं, गुडघे लांब ठेवून शू करणं, सैल सुती चड्डी, रात्री तीही नको. आठवड्याभरात आग थांबली.

थोरली बारा वर्षांची. तिला अंगावरून पांढरं जातं म्हणून आजी टॉनिकच्या मागे लागल्या होत्या. पाळी सुरू होण्याआधी काही महिने वास नसलेलं, न खाजणारं पांढरं जाणं नैसर्गिक आहे, हे तुम्ही आजींना गुजरातीमिश्रित मराठीत पटवून दिलंत. खाज, दुर्गंधी, हिरवट किंवा दह्यासारखा स्राव असेल तर यायचं, हे आता थोरलीला तोंडपाठ आहे. परवा मैत्रिणीला फोनवर तीच समजावत होती, दार न लावता.

आपली कृतज्ञ,
वडोदऱ्यातली एक आई